अलार्म कसा थांबवायचा

बाहुली माझ्या हातात कोंबून आमचे मोठे डॉक्टर, दोड्डवरु, म्हणाले, "तोरिसु. हेगे उसिरु निल्लिसिदे, एल्लरिगू तोरिसु."

दाखव. श्वास कसा थांबवलास, सगळ्यांना दाखव.

हॉलमध्ये सगळे होते. खुर्च्यांवर डॉक्टर. भिंतीला पाठ लावून आम्ही नर्सा. दारापाशी नर्सिंग कॉलेजच्या पोरी, एकमेकींना चिकटून उभ्या. आणि सगळ्यांच्या पुढे ओढून ठेवलेल्या खुर्चीवर बाळाचा बाप. त्याला मुद्दाम बोलावून घेतलेलं. खुर्चीच्या टोकावर बसला होता, चपला दाराबाहेर काढून आला होता.

बाहुली रबराची. श्वास द्यायला शिकवतात ती. मी तिला टेबलावर ठेवलं, मशीनची नळी तिच्या नाकाला लावली आणि कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं. मशीन गप्प झालं.

"मत्तोम्मे," दोड्डवरु म्हणाले. पुन्हा एकदा.

मी पुन्हा दाबलं. त्यांनी पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा दाबलं. पोरींपैकी एक जण फिसकन हसली. ती भीतीनं हसली हे मला माहीत होतं, मीही त्या वयात तशीच हसले असते. पण तेव्हा ते हसू कानात तापलेल्या तेलासारखं गेलं. माझी बोटं माझी राहिली नव्हती. हॉलमधला प्रत्येक माणूस माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होता.

हे मी मराठीत लिहितेय. बोलणी सगळी कन्नडात आणि इंग्रजीत खाल्ली, त्या भाषांत लिहायला बसले की पहिल्या ओळीतच अडते. मराठी घरची. तिच्यात मला कोणी "एद्देळु", ऊठ इथून, असं म्हटलेलं नाही.

आम्ही म्हैसूरचेच. पणजोबांचे वडील राजाच्या घोडदळात होते म्हणतात. नजरबादमधल्या आमच्या दोन खोल्यांत शौर्याच्या गोष्टींना काही तोटा नाही. अप्पा सरकारी कचेरीत फायली बांधून निवृत्त झाले, पण दसऱ्याला जंबूसवारी, हत्तींची मिरवणूक, बघायला निघताना अजून छाती काढून चालतात. आणि त्यांची ही मुलगी बटणाला भिते. घोड्याला नाही, तोफेला नाही. बटणाला.

भीती मला वॉर्डातच शिकवली गेली. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात लागले तेव्हा पहिल्याच राऊंडला दोड्डवरुंनी एका औषधाबद्दल विचारलं. दोड्डवरु म्हणजे मोठे. विभागाचे प्रमुख. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, मागे दोड्डवरु. मी खरं ते सांगितलं, "गोत्तिल्ल सर." माहीत नाही. त्यांनी हातातलं पेन माझ्या दिशेनं रोखलं आणि सगळ्यांना म्हणाले, ही बघा, हिला पगार माहीत आहे, औषध माहीत नाही. सगळे हसले. मग पुढच्या बाळाकडे गेले.

त्या दिवशी सरोजक्कानं मला बेसिनकडे ओढलं. सरोजक्का आमची सगळ्यांत जुनी नर्स, घरची मराठीच, त्यामुळे माझ्यावर तिचा जीव. नळ मोठा सोडून ती हात धूत धूत म्हणाली, "गोत्तिल्ल म्हणू नको ग कधी. सुम्ने हौदु सर म्हण. मागनं हितं ये, मी सांगते की."

सुम्ने, म्हणजे गपचूप. हौदु सर, होय सर. तेवढं शिकले.

आणि ती खरंच सांगायची. आमची शाळा म्हणजे ते बेसिन. बाळांना हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, निवांत, नखांच्या कडांसकट. तिथे दोघी उभ्या राहिलेल्या कोणाला खटकत नाहीत, आणि पाण्याच्या आवाजात बोलणं पलीकडे जात नाही. बाळाच्या पायाची शीर कशी शोधायची, दूध पचत नसेल तर पोट कसं दिसतं, सुईणीच्या हातून आलेल्या बाळाची नाळ कशी बघायची, हे सगळं मी तिथे शिकले. चोरून. डॉक्टरांची चर्चा बुधवारी हॉलमध्ये दार लावून व्हायची, आणि आमची नळाखाली. दोन्हीकडे बाळं तीच.

ही रीत आम्हाला इतकी अंगवळणी पडली होती की त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. उलट सरोजक्काचं कौतुक वाटायचं. अजून वाटतं. पण नळ सोडून शिकलेल्या गोष्टीला एक मर्यादा असते. सरोजक्कालाच जे माहीत नाही, ते बेसिनवर कुठून येणार?

मग नवी मशीनं आली.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं उघडी राहत नाहीत, आतून चिकटतात. हे मशीन नाकातून हलका हवेचा दाब देत राहतं, म्हणजे ती मिटत नाहीत. बाळ श्वास आपला आपणच घेतं, मशीन नुसता आधार देतं. जुन्या मशीनवर आमचे हात बसलेले. नाकातली नळी जरा सरकली की ते ओरडायचं. मग कोपऱ्यातलं बटण दाबून धरायचं. आवाज तेवढा थांबायचा, हवा चालू राहायची, आणि आम्ही दोन्ही हातांनी नळी नीट करायचो. आवाज आधी थांबवायचा, कारण एवढ्याशा जिवाला त्या आवाजानं दचकायला होतं. हे डोक्यानं करायचं काम उरलंच नव्हतं. अलार्म झाला की अंगठा आपोआप कोपऱ्यात जायचा.

कंपनीची माणसं नवी मशीनं दाखवायला आली ती दसऱ्याच्या आधी. मला चांगलं आठवतं, कारण त्या सकाळी हत्तींच्या तालमीसाठी रस्ता अडवला होता आणि मी उशीर होईल म्हणून अर्ध्या वाटेवर बसमधून उतरून धावत आले होते. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. पडद्यावर मशीनचं चित्र. मी मागच्या एका खुर्चीवर बसले. घाम पुसला. वाटलं, आज तरी नळ सोडावा लागणार नाही.

दोड्डवरु आत आले. त्यांनी मला बघितलं.

"एद्देळु."

ऊठ. मी उठले. त्यांनी कंपनीच्या माणसाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि मग आमच्याकडे न बघताच कन्नडात म्हणाले, "इवरिगे इंग्लिश अर्थ आगल्ल." यांना इंग्रजी कळत नाही. मग वॉर्ड कोण सांभाळणार म्हणून विचारलं. मी बाहेर पडले. माझ्या मागून सरोजक्का. मागे दार लागलं.

इंग्रजी मला कळतं. नर्सिंगची सगळी पुस्तकं इंग्रजीतच होती. पण मी तसं म्हटलं नाही.

दुपारी मशीनं बाळांशेजारी लागली. राऊंडला दोड्डवरु म्हणाले, "एल्ला गोत्तायिता?" सगळं कळलं का? आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "हौदु सर." माझा आवाज त्यात होता. बेसिनवर मी सरोजक्काला विचारलं तेव्हा तिनं नळ सोडला, हात चोळले आणि नळ पुन्हा बंद केला. म्हणाली, "जुन्यासारखंच असंल की ग. बटणं पण तितंच दिसतात."

दिसत होती तिथंच.

नागरत्नाचं बाळ वॉर्मरवर, ऊब देणाऱ्या खाटेवर, होतं. आमच्याकडे बाळांना नावं नसतात, आईच्या नावानं ओळखायची. नागरत्ना हुणसूरकडची, पहिलटकरीण, दुपारी येऊन बाळाला छातीशी धरून बसायची. त्या दुपारी ती नुकतीच बाळ माझ्या हातात देऊन गाऊन सोडायला दारापाशी गेली होती. मी बाळाला ठेवलं. ठेवताना नळी सरकली. मशीन ओरडलं. अंगठा कोपऱ्यात गेला, दाबला, धरला.

आवाज थांबला. बरं वाटलं. मी वाकून नळी बसवायला लागले. नाकपुड्या इतक्या इवल्या की श्वास रोखूनच ते काम करायचं.

शांतता जरा जास्तच होती. जुनं मशीन आवाज थांबवला तरी हवेचा सूऽऽ असा सूर देत राहायचं. तो सूर नव्हता. हे मला उशिरा कळलं. आधी दिसलं ते बाळाच्या बरगड्यांखाली. कातडी आत ओढली जात होती, दर श्वासाला जास्त. मग ओठ. ओठांचा रंग बदलायला लागला होता. मॉनिटर केकाटायला लागला.

मी मशीनवरचं दिसेल ते बटण दाबलं. काही होईना. मग शहाणपण आलं, मशीन सोडलं, हातानं दाबायची बॅग घेतली, मास्क बाळाच्या तोंडावर धरला आणि दाबायला लागले. ओरडले. ड्यूटीवरच्या चैत्रा मॅडम धावत आल्या. त्या शिकाऊ डॉक्टर, माझ्याहून लहान. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला मान हलवून खुणावलं, दाबत राहा. मी दाबत राहिले. माझ्या मनात एकच होतं. हे माझ्या हातानं झालं. काय झालं ते कळत नव्हतं, पण माझ्या हातानं झालं.

रंग परत आला. आधी छातीवर, मग ओठांवर. मी दारात बघितलं. नागरत्ना उभी होती, अर्धा गाऊन अंगात, अर्धा हातात.

"एन आयितु अक्का?" तिनं विचारलं. काय झालं?

मी मान बाळाकडे वळवली आणि पुन्हा बॅग दाबायला लागले.

मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. नव्या मशीनवर कोपऱ्यातलं तेच बटण दाबून धरलं की आवाज थांबत नाही, मशीनच थांबतं. एवढंच होतं. हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. आणि दुसऱ्या दिवशी बाहुली आली.

बाहुलीचा तमाशा झाल्यावर दोड्डवरु बाळाच्या बापाकडे वळले. अगदी मऊ आवाजात बोलायला लागले. मग मला म्हणाले, "हेळिकोट्टिद्दरु, नानु मरेते अंत हेळु."

मला शिकवलं होतं, मी विसरले, असं सांग.

मी दोड्डवरुंकडे बघितलं. मग भिंतीकडे. सरोजक्काची मान खाली. चैत्रा मॅडम खुर्चीवर आपल्या नखांकडे बघत होत्या. मी बापासमोर हात जोडले आणि सांगितलं. शिकवलं होतं. मी विसरले. हौदु.

तो उठला. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू विचारलं, "निम्म मगू आगिद्दरे?"

तुमचं मूल असतं तर?

मग दोड्डवरुंना हात जोडून तो चपला घालायला बाहेर गेला.

घरी गेले. अप्पांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "तू सुम्ने राहा. आता काय बोलू नको. नौकरी जाईल, मत्ते परत कोण घेतंय तुला?" घोडदळाची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही. मी जेवले नाही. आईनं ताटावर ताट झाकून ठेवलं.

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काम केलं. बाळाला सुई लावताना भीती. दूध देताना भीती. बाळांची आवाजाची भीती कळते मला, पण मला शांततेची भीती बसली. कुठे काही ओरडत नसेल तर मी एकेका बाळाची छाती बघत फिरायचे. आणि ही नुसती माझी गत नव्हती. नव्या मशीनला कोणीच हात लावेना. अलार्म वाजायचा, सगळ्या जणी लांबून बघायच्या, तो वाजून वाजून कधीतरी आपोआप थांबायचा. तोवर ती एवढीशी बाळं दचकत राहायची, हात उडवत राहायची.

शिल्पा म्हणून एक नवी मुलगी लागली होती. आदल्याच महिन्यात. हॉलमध्ये भिंतीपाशी तीही होती. बेसिनवर माझ्या शेजारी आली, नळ सोडला आणि कुजबुजली, "अक्का, ते बटण दाबायचं नाही हे कळलं. मग अलार्म कुठल्या बटणानं थांबवायचा?"

पाणी वाहत होतं.

मला माहीत नव्हतं. एवढं सगळं होऊन मला माहीत नव्हतं! बाहुली झाली, बाप झाला, हात जोडून झाले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या शिकलेल्या माणसांत, त्या मशीनला मध्यभागी ठेवून, एकदाही कोणी सांगितलं नाही की अलार्म थांबवायचा कसा. माझी चूक दाखवायला वेळ होता. बरोबर काय ते दाखवायला नव्हता. आणि ते विचारायला आमच्यापैकी कोणाची जीभ उचलली नव्हती. माझी तर नाहीच.

मला संताप आला. पहिल्यांदा भीतीच्या खाली काहीतरी दुसरं लागलं, टणक. मी नळ बंद केला. शिल्पा घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

त्या दुपारी नागरत्ना आली. बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वरून कापड गुंडाळलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. ते रास्तच होतं. मी तिच्या खुर्चीजवळ बसले आणि सांगून टाकलं. मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला बाहेर काढलं होतं. तुझ्या नवऱ्याला मी जे सांगितलं ते खोटं होतं, मला सांगायला लावलं होतं.

मला वाटलं होतं तिला माझी दया येईल. खरं सांगते, तेच वाटलं होतं.

तिनं बाळाच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मत्ते नीवु याके मुट्टिद्रि?"

मग तुम्ही हात का लावलात?

दोड्डवरुंना देण्यासारखी उत्तरं शंभर होती, रात्री अंथरुणात पडून मी ती रचत होते. हिला देण्यासारखं एकही नव्हतं. माहीत नव्हतं, तर हात का लावला. कारण माहीत नाही म्हणायची मला भीती वाटत होती. माझ्या भीतीची किंमत हिच्या बाळानं मोजली. ती बाई एवढंच विचारत होती. आणि ती किंमत पुन्हा मोजावी लागणार होती, कारण काहीच बदललं नव्हतं. उद्याही अलार्म होणार. उद्याही कोणीतरी हौदु सर म्हणणार.

दोन दिवसांनी राऊंड होता. दोड्डवरु, चैत्रा मॅडम, बाकी डॉक्टर, मागे पोरी. नागरत्नाच्या बाळापाशी थांबले आणि मशीन ओरडायला लागलं. मी आधी बाळाकडे बघितलं. गुलाबी. छाती नीट वरखाली होत होती. नळी जराशी हलली होती, मी ती बसवली. पण ते मशीन असं होतं की कारण संपलं तरी ओरडत राहायचं.

दोड्डवरुंना त्या आवाजात बोलता येईना. वैतागून म्हणाले, "सिस्टर, बंद कर ते. आता तरी कळलं ना?"

माझा हात उठला. आपोआप. मशीनपर्यंत गेला. सगळे बघत होते, पुन्हा त्या अंगठ्याकडेच. एवढंच करायचं होतं, कुठलंतरी बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. दिवस निभावला असता.

मी हात खाली घेतला.

"गोत्तिल्ल सर."

मशीन ओरडत होतं. त्यांना ऐकू आलं नाही किंवा पटलं नाही. "एनु?" काय?

"गोत्तिल्ल. ननगे यारू हेळिकोट्टिल्ल. तोरिसि." माहीत नाही. मला कोणी शिकवलेलं नाही. दाखवा. दुसरा हात मी बाळाच्या छातीवर ठेवला होता, हलका, म्हणजे श्वास मला कळत राहील. शेजारी बॅग आणि मास्क आधीच काढून ठेवला होता. बाळाला त्या मिनिटात काही धोका नव्हता, हे मी तीनतीनदा बघून घेत होते. धोका मला होता.

"मनेगे होगु," दोड्डवरु म्हणाले. घरी जा.

"जाते सर. आधी कोणीतरी दाखवा. मी गेल्यावर हिला करायचंय," मी शिल्पाकडे बोट केलं. शिल्पा पांढरीफटक.

दोड्डवरु चैत्रा मॅडमकडे वळले. "डॉक्टर, यू डू इट."

चैत्रा मॅडम पुढे आल्या. कंपनीची माणसं आली त्या दिवशी त्या हॉलमध्ये होत्या, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. त्यांचा हात मशीनपाशी गेला. कोपऱ्याजवळ थांबला. तिथून वर गेला, थांबला, परत खाली आला. त्यांनी हात मागे घेतला आणि मशीनकडे बघूनच म्हणाल्या,

"सर, ननगू गोत्तिल्ल."

मलाही माहीत नाही.

आता दोड्डवरु उरले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा हात मशीनकडे गेला नाही. कोटाच्या खिशात गेला. कंपनीच्या माणसाला बोलवा म्हणाले आणि पुढच्या बाळाकडे चालायला लागले. मागे अलार्म वाजत राहिला. मग आपणहून थांबला.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. हॉल नाही, पडदा नाही, वॉर्मरच्या शेजारी उभं राहून त्यानं दाखवलं. सगळ्यांना दाखवलं, कारण तिथे लावायला दारच नव्हतं. मी मात्र तिथे नव्हते. मला सकाळीच लसीकरणाच्या खोलीत पाठवलं होतं. चैत्रा मॅडमना कोणी कुठे पाठवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत शिल्पानं येऊन मला सांगितलं, "वरच्या कडेला आहे अक्का. छोटं. घंटीवर फुली मारलेली. एकदाच दाबायचं, धरायचं नाही."

एवढंच. एका श्वासात सांगून झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी एक बाळ निळं पडलं होतं.

नागरत्नाचं बाळ घरी गेलं. लसीला तिनं त्याला माझ्याकडेच आणलं, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मी सुई दिली, ते रडलं, चांगलं मोठ्यानं रडलं. दर वेळी मी बघायचे. मान धरतं का. माझ्या बोटामागे डोळे फिरवतं का. मान जरा उशिरा धरली. डॉक्टर म्हणतात, दिवस भरायच्या आधी जन्मलेली मुलं उशिरा धरतात. असेल. त्या दुपारी त्या थोड्या वेळात काही हरवलं की नाही, हे सांगू शकेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. नागरत्ना मला परत कधी अक्का म्हणाली नाही. सिस्टर म्हणते.

पुढे वॉर्डात माणसं कमी पडली आणि मला परत बोलावलं. माफ केलं म्हणून नव्हे, गरज होती म्हणून. परत गेले त्या दिवशी मी कपाटातून ती बाहुली काढली. वॉर्मरशेजारी ठेवली. आता नवीन मुलगी लागली की मी तिला बेसिनवर नेत नाही. वॉर्डाच्या मधोमध, राऊंडच्या वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलते. आधी तिच्याकडून गोत्तिल्ल म्हणवून घेते. मोठ्यानं. पहिल्यांदा कुठलीच म्हणत नाही, ओठ नुसते हलतात. मी थांबते. म्हटल्याशिवाय बाहुलीला हात लावू देत नाही. सरोजक्का लांबून बघते, डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणते. एकदा मात्र ती स्वतःच आली, बाहुलीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ते नवं आलंय बघ, सलाईनचं, ते मला पण येत नाही ग." नळ बंद होता.

भीती गेली का? नाही. दोड्डवरुंची पावलं वाजली की मी अजून हातातलं काम सोडून सरळ उभी राहते. अप्पा अजून म्हणतात, सुम्ने राहा. रात्री कधी कधी अंगठा दुखतो, काही नसताना.

पुढच्या आठवड्यात श्वास देणारी नवी मोठी मशीनं येतायत. ती चुकली तर मान उशिरा धरण्यावर भागणार नाही. कंपनीची माणसं येणार. बुधवारी, हॉलमध्ये, खुर्च्या मांडून. नर्सांना बोलावणं नाही, मी विचारून आले. शिल्पानं विचारलं, "अक्का, मग काय करायचं?"

मी तिला सांगितलं. मी जाणार. खुर्ची मागे टाकणार नाही, पुढेही नाही. दारात टाकणार, बरोबर उंबऱ्यावर, आणि बसणार. माझ्यामागे तुम्ही सगळ्या उभ्या राहा, ज्यांची ड्यूटी नसेल त्या. एद्देळु म्हणाले तर मी उठणार नाही. घरी जा म्हणाले तरी. मला भीती वाटतेय, हे लिहिताना पण वाटतेय. पण त्या दिवशी ते दार लागणार नाही.